पाळी संपते, फोन थांबत नाही

6 जून 2005 रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. कामाचा ताण तिन्हीकडे आहे, पण सारखा नाही. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. तिथे दिवाळीच्या रात्रीही खुर्ची रिकामी राहत नाही. मात्र तिथली पाळी निदान घड्याळावर संपते.

सर्वाधिक ओढाताण लाईनमनची, वितरण कंपनी महावितरणच्या भाषेत जनमित्राची. दिवसा थकबाकीची वसुली, जोडण्या तोडणं. संध्याकाळी वारा सुटला की फीडर ट्रिप. सकाळी ज्या गावात वीज तोडली, तिथेच रात्री फ्यूज टाकायला जायचं. लोकांचा राग त्याच्यावरच निघतो, कधी अंगावर हात पडण्यापर्यंत. जेवायला बसला तरी फोन वाजत राहतो, आणि गावातल्या सगळ्यांकडे त्याचा नंबर असतो. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानं रायगड-रत्नागिरीत खांब आडवे केले, तेव्हा इतर जिल्ह्यांतली पथकंही घरदार सोडून कोकणात आली.

अपुऱ्या झोपेचा धोका इथे थेट जिवाला आहे. लाईन बंद असल्याचं परमिट न घेता खांबावर चढणं, अर्थिंग करायचं राहून जाणं, एखाद्या घरातल्या जनरेटरमधून उलटा आलेला प्रवाह: शिणलेल्या माणसाच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. म्हणूनच साप्ताहिक सुट्टी ही सवलत नाही, हातमोजे आणि सेफ्टी बेल्टइतकंच ते सुरक्षेचं साधन आहे. कंत्राटी कामगार त्याच खांबावर चढतो. त्याला तर रजा मागतानाही नोकरीची धास्ती असते.