घरच्या साबणाचा हिशेब

घरी साबण करण्याची हौस अलीकडे पुष्कळ कुटुंबांत दिसू लागली आहे, आणि ती सर्वथा स्तुत्य आहे. परंतु या कृतीत कॉस्टिक सोड्यासारखा दाहक जिन्नस हाताळावा लागत असल्यामुळे, एरवी स्वयंपाकघरात बिनदिक्कत चालणारा अंदाजपंचे कारभार येथे मुळीच उपयोगी नाही.

तेल हे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे संयुग होय, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सप्रमाण मांडले. कॉस्टिक सोड्याच्या योगाने हे संयुग फुटते, मेदाम्लांचा साबण बनतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. कारखानदार ते बहुधा निराळे काढून घेतात, घरच्या वडीत मात्र ते तसेच राहते. प्रत्येक तेलाची सोड्याची गरज भिन्न असते, हीच यातली मेख आहे. एक किलो खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, तर तितक्याच शेंगदाणा तेलास सुमारे १३६ ग्रॅम पुरतो. तेव्हा खोबरेलाच्या मापाने शेंगदाणा तेलात सोडा घातला, तर उरलेला सोडा वडीत राहून कातडी भाजल्यावाचून राहणार नाही. यासाठीच हिशेबापेक्षा शेकडा पाच भाग सोडा कमी घेण्याचा प्रघात पडला आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

सोडा नेहमी पाण्यात थोडाथोडा सोडावा; सोड्यावर पाणी कदापि ओतू नये, कारण उष्णता इतकी निर्माण होते की द्रावण उसळून अंगावर येते. हातमोजे व चष्मा घालावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुलांना दूर ठेवावे, आणि भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियम सोड्याने खाल्ले जाते व त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. निवत आलेले द्रावण कोमट तेलात घालून, मिश्रण कढीसारखे दाट होईपर्यंत ढवळावे व साच्यात ओतावे. एकदोन दिवसांनी वड्या पाडून त्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्याव्यात. येथे उतावीळपणा केल्यास वडी मऊ राहते व पाण्यात लवकर झिजते.

अर्थात प्रत्येक कामास साबणच हवा असे नाही. देशावरील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन नुसता साका जमतो. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिनला ही अडचण येत नाही, शिवाय रेशीम व लोकर यांना तीव्र क्षार सोसत नसल्यामुळे रेशमी लुगड्यांसाठी रिठ्याची योजना आपल्याकडे फार पूर्वीपासून झाली, ती अगदी योग्यच होती. तांब्यापितळेवरचा काळपट थर चिंचेच्या आम्लात विरघळतो. ओशट भांड्यांस राखेतला क्षार पुरतो.

मात्र दोन गुणकारी वस्तू एकत्र केल्याने गुण दुप्पट होतो, ही समजूत सोडून द्यावी. साबणाच्या पाण्यात लिंबू पिळले की साबण मोडून मेदाम्ले वर तरंगतात. खाण्याचा सोडा व व्हिनेगर परस्परांचा प्रभाव नष्ट करतात. हे केवळ नुकसान झाले. पण संडास धुण्याचे आम्ल ब्लीचिंग पावडरीत मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून हे दोन जिन्नस एका फडताळात ठेवू नयेत आणि एकाच वेळी कधीही वापरू नयेत, अशी वाचकांस कळकळीची विनंती आहे.