तुलाधाराची तागडी

दीपोत्सवाची चाहूल लागली आहे. अमावास्येच्या सायंकाळी घरोघरी व पेढ्यापेढ्यांवर लक्ष्मीपूजन होईल. नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटेल, तराजू आणि मापे यांनाही गंधाक्षता वाहिल्या जातील. निर्जीव तागडीची पूजा का करावयाची, याचे मर्म महाभारताच्या शांतिपर्वातील एका आख्यानात सापडते.

जाजलि नावाच्या तपस्व्याने असे काही निश्चल तप केले, की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटे बांधले, पिले वाढली आणि उडूनही गेली. ‘मला धर्म साधला’ असा अहंकार त्याच्या मनात उमटला, तोच त्याला वाराणसीच्या तुलाधाराची वार्ता कळली. हा तुलाधार साधा वाणी होता. आपली तुला सर्व भूतमात्रांना सारखी आहे, एवढेच त्याचे तप. वनातील तपस्व्याला बाजारातील दुकानदाराकडून धर्म शिकावा लागला!

हे आख्यान मी चाळीस वर्षे कीर्तनात लावीत आलो. तरीही सांगावयास लाज वाटते, की एका यात्रेत गोधड्या विकणाऱ्या बाईशी मी पुष्कळ घासाघीस केली. तिने अखेर मान खाली घालून माझ्या भावाने गोधडी दिली. जाता जाता विचारले, “शिवायला किती दिवस लागले?” ती म्हणाली, “दोन महिनं लागलं, बुवा.” रात्री मी त्या पैशांना साठ दिवसांनी भागून पाहिले. देवापुढे ठेवलेल्या नारळाएवढीही तिची रोजची मजुरी भरेना. त्या रात्री तुलाधाराचे नाव घेण्याचा मला अधिकार उरला नव्हता.

हाताच्या कारागिरीला दाम का मिळत नाही, याचा शोध घेता घेता माझे लक्ष कच्छकडे वळले. तेथील अहिर, रबारी, सोढा, मेघवाळ इत्यादी समाजांच्या स्त्रियांचे भरतकाम विख्यात आहे. ‘सुफ’ नावाच्या प्रकारात तर कापडावर नक्षी आखीतही नाहीत. उलट्या बाजूने धागे मोजीत टाका घालावयाचा आणि सुलट बाजूस त्रिकोणांची रांगोळी उमटवावयाची. मुलीने आपल्या लग्नासाठी तोरणे, चाकळे, चोळ्या स्वतः भराव्यात अशी तेथील रीत. परंतु दुष्काळ पडला, की हेच स्त्रीधन दारावर आलेल्या व्यापाऱ्याच्या हाती किरकोळ किमतीत पडे.

१९६९ साली असाच दुष्काळ पडला असता मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ धाणेटी या गावी अन्नछत्राच्या सेवेसाठी गेल्या. गावकऱ्यांना फुकटचे अन्न घेणे जड जात होते. त्यांना भीक नको होती, काम हवे होते. चंदाबेनची दृष्टी तेथील स्त्रियांच्या अंगावरील कशिद्यावर गेली. त्यांनी तीस साड्या भरावयास दिल्या. मुंबईतील प्रदर्शनात त्या हातोहात खपल्या आणि यातूनच ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. कापड व धागा बाईच्या घरी पोहोचवावा, संसार सांभाळून तिने भरावे आणि कामाचा मोबदला थेट तिच्याच हातावर ठेवावा, अशी ही रीत. चंदाबेनना २००६ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. भरतकामाचे उत्तम नमुने गावोगावी नेऊन मुलींना दाखविणारे फिरते केंद्र हे त्यांचे एक मोठे कार्य. २०१६ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी अजरखपूर येथे या कलांचे संग्रहालय खुले झाले.

ही दृष्टी केवळ भारताची नव्हे. १९४६ साली अमेरिकेतील एडना रूथ बायलर यांनी पोर्तो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम पाहिले आणि ते मायदेशी नेऊन परिचितांत विकण्यास आरंभ केला. पुढे या विचाराची चळवळ झाली. आज तिला ‘न्याय्य व्यापार’ म्हणतात. १९८९ साली स्थापन झालेल्या तिच्या जागतिक संघटनेचे दहा नियम आहेत. योग्य दाम, व्यवहारात उघडपणा, स्त्री-पुरुष असा भेद नसणे, बालमजुरीस मज्जाव हे त्यांतील काही. हस्तकलेच्या मागणीबरोबर कारागिराने मागितल्यास निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, असाही दंडक आहे. या शेवटच्या नियमाचे मोल मोठे आहे. हाती आगाऊ रक्कम असली, की धाग्यासाठी सावकाराची उचल घ्यावी लागत नाही आणि तयार माल अडीअडचणीत मातीमोल द्यावा लागत नाही.

दारिद्र्य एका टाक्याने शिवले जात नाही, हेही खरे. यंत्रावरचे स्वस्त भरतकाम बाजारात ढिगाने येते आणि त्याच्या शेजारी हाताचे काम महाग दिसते. गिऱ्हाईक किमतीकडे पाहते, दिवसांकडे पाहत नाही. पण जेथे बाईच्या कष्टाचा पैसा तिच्याच हाती पडतो, तेथे मुलाची शाळा, सासूचे औषध, घराचे छप्पर यांबद्दल तिचा शब्द ऐकला जाऊ लागतो. अन्नदानाचे पुण्य थोर आहेच. परंतु दान घेणाऱ्याचा हात खाली असतो आणि रास्त दाम घेणाऱ्याचा हात देणाऱ्याच्या हाताशी समपातळीवर येतो. तुलाधाराची समता ती हीच.

तेव्हा वाचकहो, यंदा तोरण, आसन वा भाऊबिजेची ओवाळणी घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : हे कोणाच्या हातचे आणि तिला किती मिळाले? उत्तर समाधानकारक असेल, तर घासाघीस न करता दाम मोजावे. दोन पैसे अधिक गेले, तर ते लक्ष्मीच्या पायीच गेले असे समजावे. मग सायंकाळी तागडीला गंध लावताना हात अडखळणार नाही. माझा एकदा अडखळला होता, म्हणून सांगतो.