होशंगाबादची उत्तरं नसलेली पुस्तकं

विज्ञानाच्या पुस्तकात प्रश्न आहेत, प्रयोग आहेत, पण उत्तरं नाहीत. परीक्षेला जाताना तेच पुस्तक आणि स्वतःची वही खुशाल सोबत न्यायची. हे घडलं खेड्यापाड्यातल्या सरकारी शाळांत, आणि तेही तब्बल तीस वर्षं! मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचं नर्मदापुरम) १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांत हा विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी त्यासाठी पुढाकार घेतला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून तिथे गेले होते.

ही मुलं साधारण ११ ते १४ वर्षांची. विचारांची घडण बदलते ती नेमकी याच वयात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांपुढे लंबक ठेवून विचारलं होतं, याचा झोका जलद की सावकाश हे कशावर ठरतं? लहान मुलं दोरी, वजन, धक्का सगळं एकदम बदलून गोंधळात पडतात. किशोरवयात मात्र एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे सुचू लागतं. मग उत्तर सापडतं: दोरीची लांबी. पण ही समज वयाबरोबर सगळ्यांना सारखी येत नाही. तिचा वेग भोवतालच्या वातावरणावर अवलंबून असतो, आणि ती बऱ्याचदा ज्याच्या त्याच्या कामाच्या, आवडीच्या क्षेत्रापुरतीच दिसते, असं खुद्द पियाजेंनीच पुढे लिहिलं. शाळेचं खरं काम इथेच सुरू होतं.

होशंगाबादच्या वर्गात मुलं चार-चारच्या टोळीत बसत. समजा, एकाच टेबलाची लांबी सगळ्या टोळ्यांनी मोजली. आकडे फळ्यावर मांडले की ते थोडेथोडे वेगळे निघणारच. एरवी बरोबर आकडा सांगून शिक्षक पुढे गेले असते. इथे या फरकाचाच एक पाठ होता. पट्टी कुठून धरली, डोळा कुठे होता, कोणता आकडा जास्त वेळा आला यावर चर्चा व्हायची. मोजमापात थोडा फरक राहतोच आणि तो समजून घ्यायचा असतो, ही गोष्ट बाराव्या वर्षी स्वतःच्या हातांनी कळणं मला फार मोलाचं वाटतं.

१९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतले तरुण अभियंते अरविंद गुप्ता तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढ्याच सामानातून त्यांनी भूमितीचे आकार जोडले. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरपा होतो. त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. पुलाच्या आणि छपराच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही.

तरीही या सगळ्याचा कणा होता परीक्षा. पाठांतरालाच गुण मिळत राहिले असते, तर प्रयोग महिन्याभरात गुंडाळले गेले असते. म्हणून आठवीची विज्ञानाची परीक्षाच बदलली: लेखी परीक्षेत पुस्तक उघडं, शिवाय हाताने करायचे प्रयोग. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मासिक बैठका सतत चालत. त्यांच्यासाठी हा बदल मुलांपेक्षाही अवघड असणार, कारण ‘मलाही ठाऊक नाही, करून पाहू’ असं वर्गात म्हणायचं होतं. मुलांना पडलेले प्रश्न सवालीराम या काल्पनिक पात्राला पत्राने जात आणि त्यांना उत्तरं येत.

१९८२ मध्ये एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि तिने काम पुढे नेलं. कार्यक्रम पंधरा जिल्ह्यांत पसरला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. अरविंद गुप्तांनी पुढे पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं मुलांसोबत काम केलं. त्यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती आणि पुस्तकं आज मराठीतही इंटरनेटवर मोफत मिळतात.