कार्डांचे खेळ का जगतात, का मरतात?

शेपूटवाला गोकू तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. अकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराने १९८४ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा सुरू केली. १९८६ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली. अशा जपानी चलच्चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. या एकाच कथेवरून अमेरिकेत कार्डांचे खेळ निघाले आणि तेही अनेकदा. पहिला ‘स्कोअर’ कंपनीने २००० साली काढला. तो २००६ च्या सुमारास बंद पडला. दुसरा २००८ मध्ये ‘बांदाई’ने आणला. तो तर फारच अल्पायुषी ठरला. तिसरा ‘पनिनी’ने २०१४ मध्ये काढला (आपल्या व्याकरणकार पाणिनींशी या कंपनीचा काही संबंध नाही!) आणि २०१६ मध्ये गुंडाळला. २०१७ मध्ये बांदाईने पुन्हा कंबर कसली. हा चौथा खेळ मात्र तगला, इतका की २०२४ मध्ये त्याला एक भावंडही झाले.

वीर तेच, खलनायक तेच. मग तीन खेळ का मेले आणि चौथा का जगला? “मालिका लोकप्रिय असली की खेळ खपतो” हे उत्तर येथे पुरे पडत नाही, कारण मालिका चारही वेळा लोकप्रियच होती. २०१५ मध्ये गोकूची एक नवी मालिका सुरू झाली आणि तिचा चौथ्या खेळाला हातभार लागला, हे खरे. पण सारे श्रेय तिला देता येणार नाही.

या खेळात प्रत्येक खेळाडू आपला पत्त्यांचा कॅट आपणच बांधून आणतो. पाने बंद पाकिटांतून विकत घ्यायची आणि नको असतील ती मित्रांशी बदलायची. ही कल्पना रूढ केली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने. त्याचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये आला. तो ॲनिमेवरचा नाही, परंतु पुढच्या साऱ्या खेळांचा तो पूर्वज आहे, आणि त्याच्यातला एक दोषही वारशाने पुढे गेला.

त्यात साठ पानांच्या कॅटात साधारण चोवीस पाने ‘जमिनी’ची असतात. जमीन मांडली की शक्ती मिळते आणि त्या शक्तीवर बाकीची पाने खेळता येतात. डावाच्या आरंभी सात पाने हाती येतात. समजा, त्यांत जमीन एकच आली किंवा मुळीच आली नाही, तर? हातात भले मोठे राक्षस असतील, पण ते खेळता येणार नाहीत. असे कितीदा घडेल? साठांतून सात पाने निवडण्याचे ३८,६२,०६,९२० प्रकार आहेत. त्यांपैकी ८३,४७,६८० प्रकारांत जमीन एकही नसते आणि ४,६७,४७,००८ प्रकारांत एकच असते. बेरीज करून भागाकार करा. उत्तर येते ०.१४, म्हणजे सात डावांत एकदा! अशा वेळी पाने परत करून पुन्हा घेण्याची सवलत आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते.

आता गंमत पाहा. जपानमध्ये ‘ड्युएल मास्टर्स’ नावाची एक चित्रकथा होती आणि तिच्यातली मुले हाच ‘मॅजिक’ खेळत. २००२ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र खेळ तयार करण्यात आला, त्या वेळी हा दोष अगदी सोप्या युक्तीने काढला गेला. हातातले कोणतेही पान उलटे करून शक्ती म्हणून मांडता येईल, असा नियम केला. झाले! ‘शक्तीच नाही’ हे रडगाणे संपले. उलट कोणते पान शक्तीसाठी बळी द्यायचे हा विचार करावा लागू लागला. म्हणजे नशिबाच्या जागी डोके आले.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. प्रत्येक खेळाडूसमोर पाच पाने ‘ढाली’ म्हणून पालथी असतात. शत्रूने ढाल फोडली की ते पान फुकट जात नाही, हरणाऱ्याच्या हातात येते. जो मार खातो त्याला नवे पान मिळते. विजेची इस्त्री फार तापली की तिचा प्रवाह आपोआप तुटतो, तसेच हे आहे. एकाची सरशी फार वाढू लागली की तिला खेळातूनच लगाम बसतो आणि डाव शेवटपर्यंत रंगतो.

गोकूच्या चौथ्या खेळात या दोन्ही गोष्टी आहेत. हातातले कोणतेही पान शक्ती म्हणून मांडता येते आणि मार खाल्ला की आयुष्याची पाने हातात येतात. पहिल्या खेळाची चाल निराळी होती. मूळ कथेत प्रत्येकाची ताकद आकड्याने सांगतात. साध्या शेतकऱ्याची ५, तर फ्रीझा या खलनायकाची ५,३०,०००! लाखपटीचे हे अंतर कार्डावर कसे आणायचे? म्हणून खेळाबरोबर एक तक्ता देत. ताकदीच्या आकड्यांचे गट पाडून त्यांना इंग्रजी अक्षरे दिलेली असत आणि दोघांचे गट पाहून घाव किती बसला ते ठरे. भूकंपाची तीव्रता आपण घातांकी मापाने सांगतो, त्याच जातीची ही कल्पना. शास्त्र म्हणून मोठी झकास, पण खेळताना दर घावाला तक्त्यात डोकावणे आले. २०१७ च्या खेळाने कथेतले आकडे सरळ सोडून दिले आणि पाच-पाच हजारांच्या टप्प्यांनी जाणारे आकडे घेतले. कोण मोठा हे एका दृष्टिक्षेपात कळते.

तर काय, नियम चांगले की खेळ जगला? थांबा! ‘ड्युएल मास्टर्स’ जपानमध्ये जोमाने वाढला. तोच खेळ, तेच नियम २००४ मध्ये अमेरिकेत गेले आणि २००६ मध्ये खेळ बंद पडला. २०१२ मध्ये ‘काइजुडो’ या नव्या नावाने पुन्हा खटपट झाली, तीही २०१४ मध्ये संपली. आधी आपण कथा कायम ठेवून नियम बदलले. या वेळी नियम कायम आहेत, देश बदलला आहे, आणि तरी निकाल उलटा!

याचे उत्तर शोधायला मला माझ्या विषयाकडे वळावे लागते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांच्या चमूने युरेनियममधली पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली. एक न्यूट्रॉन अणुगर्भ फोडतो, त्यातून नवे न्यूट्रॉन निघतात, ते आणखी अणुगर्भ फोडतात. काही न्यूट्रॉन वाटेत वाया जातात. ही सारी वजाबाकी करून एका न्यूट्रॉनमागे पुढच्या फेरीत सरासरी किती न्यूट्रॉन उरतात, त्या संख्येला आपण ‘क’ म्हणू. ‘क’ एकाहून कमी असेल तर प्रक्रिया विझते.

न्यूट्रॉनच्या जागी खेळाडू ठेवा. कार्डांचा खेळ एकट्याने खेळता येत नाही. कोणी मित्राला शिकवतो, कोणी कंटाळून सोडतो. समजा, ‘क’ ०.८ आहे आणि ॲनिमे पाहून दर महिन्याला १०० नवी मुले येतात. मग हळूहळू १०० भागिले ०.२, म्हणजे ५०० खेळाडूंवर आकडा स्थिरावतो. दुकानदाराला वाटते, वा, खेळ चालला! पण मालिकेचा झरा आटू द्या. ५०० चे ४००, ४०० चे ३२०, आणि दहाव्या महिन्यात जेमतेम ५४. म्हणजे खेळ आधीपासूनच मरत होता, मालिका त्याला फक्त बाहेरून रक्त पुरवीत होती. कधी कधी तेवढेही पुरत नाही. ‘ब्लीच’चा कार्डांचा खेळ अमेरिकेत २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये थांबला, मात्र मूळ मालिका २०१२ पर्यंत चालूच होती.

चांगले नियम ‘क’ वाढवतात, कारण हरलेला मुलगाही पुन्हा खेळायला बसतो. पण अणुभट्टीत न्यूट्रॉन गिळणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या घातल्या तर उत्तम इंधनही विझते. अमेरिकेत ‘यू-गी-ओह!’ २००२ पासून ठाण मांडून होता. ज्यांनी ‘ड्युएल मास्टर्स’ खेळायचा ती मुले, त्यांचे खाऊचे पैसे आणि त्यांच्या शाळेची मधली सुट्टी आधीच तिकडे गेलेली. माझ्या मते अमेरिकेतली ती कॅडमियमची कांडी हीच होय.

आणखी एक गोष्ट, दाटीची. चार मुलांत सहा जोड्या होतात, वीस मुलांत १९०. दोनशे खेळाडू दोनशे गावांत विखुरले तर एकही डाव होणार नाही. ‘पोकेमॉन’चे बळ येथेच आहे. त्याचा व्हिडिओ-खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आला, कार्डे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि ॲनिमे एप्रिल १९९७ मध्ये, म्हणजे सर्वांत शेवटी! मूळ व्हिडिओ-खेळातच प्राण्यांची मित्रांशी देवघेव करावी लागे. मुले एकत्र जमली होतीच, कार्डे त्यांच्या हातात नंतर पडली. मार्च २०२४ पर्यंत या खेळाची ६,४०० कोटींहून अधिक कार्डे छापली गेली.

आता तुमच्या खिशाकडे येतो. १९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या पोकेमॉनच्या पहिल्या संचात १०२ पाने होती. त्यांपैकी १६ चकाकती आणि दुर्मिळ होती. ती सगळी हवी असतील तर सरासरी किती चकाकती पाने उघडावी लागतील? सोळा नव्हे, चोपन्न! पहिली आठ निराळी पाने साधारण अकरा खेपांत मिळून जातात. पुढच्या आठांना त्रेचाळीस लागतात, आणि त्यांतल्या एकट्या शेवटच्या पानाला सरासरी सोळा. चकाकते पान साधारण तीन पाकिटांत एकदा निघे. म्हणजे पाकिटे झाली एकशे साठांच्या घरात! अदलाबदल करणारे मित्र जवळ असले तर हा आकडा झपाट्याने खाली येतो. खेळ मेला की मात्र बदलायला कोणी उरत नाही, खेळायलाही नाही, आणि पैसे घालून जमवलेला तो गठ्ठा खोक्यात पडून राहतो.

चोपन्नावर विश्वास बसत नसेल तर करून पाहा. सोळा चिठ्ठ्यांवर १ ते १६ आकडे लिहून डब्यात टाका. हलवा, न पाहता एक काढा, आकडा वहीत टिपा आणि चिठ्ठी परत डब्यात टाका. सोळाही आकडे येईपर्यंत खेपा मोजा. एकाच्या उत्तरावर जाऊ नका. कोणाला तीस खेपा लागतील, कोणाला नव्वद. वर्गातल्या चाळीस जणांनी करून सरासरी काढा.