उष्णतेचं सर्किट : कपॅसिटरचा दुसरा पाय कुठे जोडायचा?

मागच्या लेखांकात चिपमधली उष्णता आधी तिच्या धातूच्या पाठीत, मग हीटसिंकमध्ये आणि शेवटी हवेत कशी जाते ते पाहिलं. आता तिचा हिशोब मांडू. त्यासाठी नवं गणित लागत नाही, ओहमचा नियम पुरतो.

हा योगायोग नव्हे. जोसेफ फूरिए यांचा उष्णतावहनावरचा ग्रंथ १८२२ साली आला. पाच वर्षांनी गेऑर्ग ओहम यांनी तारेतल्या विजेचा विचार फूरिएंच्याच धर्तीवर केला : टोकांच्या तापमानांत फरक जितका जास्त तितकी उष्णता जास्त वाहते, मग विजेचंही तसंच असणार. म्हणजे आधी वीज उष्णतेकडून शिकली. आजचा इलेक्ट्रॉनिक्सवाला उलट्या वाटेने जातो, कारण त्याच्या हाताला सर्किट सोडवायची सवय आहे.

तापमानातला फरक म्हणजे व्होल्टेज. दर सेकंदाला वाहणारी उष्णता, म्हणजे वॅट, हा करंट. वाटेतला अडथळा हा रेझिस्टर, आणि त्याचं माप अंश प्रति वॅट. एक वॅट वाहताना दोन टोकांत पाच अंशांचा फरक पडला तर रोध ५. एका ठिकाणी मात्र सवय दगा देते. विजेत व्होल्टेज गुणिले करंट केलं की वॅट मिळतात. इथे करंटच वॅटमध्ये आहे, त्याला तापमानाने गुणून काही अर्थाचं हाती लागत नाही.

७८०५ हा ओळखीचा रेग्युलेटर घेऊ. १२ व्होल्ट घेऊन तो ५ व्होल्ट देतो आणि करंट अर्धा अँपिअर आहे. मधल्या ७ व्होल्टांची ३.५ वॅट उष्णता होते. डेटाशीटमध्ये चिपपासून पाठीपर्यंतचा रोध ५ आणि हीटसिंकशिवाय थेट हवेपर्यंतचा ६५ च्या आसपास दिलेला असतो. खोलीत ३५ अंश धरले तर हीटसिंकशिवाय उत्तर २६० च्या वर जातं. चिप तिथवर पोचत नाही, आतली संरक्षणव्यवस्था आधीच तिला थोपवते. आता १० रोधाचा हीटसिंक लावू आणि थर्मल पेस्टचा अर्धा धरू. एकूण १५.५, म्हणजे ५४ अंशांची वाढ आणि चिप ८९ वर. १२५ ची मर्यादा अजून लांब आहे.

पण हे ८९ खोलीतल्या ३५ वर उभे आहेत. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या बंद डब्यात आतली हवा ६० वर गेली, तर तीच चिप ११४ वर असते. हीटसिंक निवडताना आधी डब्यातल्या हवेचं तापमान विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं स्पाइससारख्या सिम्युलेटरमध्येही चालतं. ३.५ अँपिअरचा करंट सोर्स, ३५ व्होल्टची बॅटरी आणि तीन रेझिस्टर जोडायचे. स्क्रीनवर ८९ व्होल्ट दिसतात, आपण ८९ अंश वाचायचे.

मात्र ही सगळी स्थिरावल्यानंतरची गोष्ट झाली. तापायला वेळ लागतो, म्हणून कपॅसिटर हवा. एक ग्रॅम अॅल्युमिनियम एक अंशाने तापवायला ०.९ ज्यूल लागतात, तर ५० ग्रॅमच्या हीटसिंकला ४५. त्याला १० रोधाने गुणलं की ४५० सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं. एवढ्या वेळात वाढ जेमतेम ६३ टक्क्यांपर्यंत पोचते. टेबलावर दोन मिनिटं चालवून, बोट लावून ‘गार आहे’ म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. उलट चिपचं वजन काही मिलिग्रॅम, तिचा काळ मिलिसेकंदांचा. झटक्यासरशी मोठा करंट आला तर हीटसिंकला पत्ता लागण्याआधी चिप तापलेली असते.

या कपॅसिटरचा एक पाय चिपच्या किंवा हीटसिंकच्या बिंदूला जोडला. दुसरा कुठे? विजेच्या कपॅसिटरमध्ये एका पायाने जेवढा करंट आत जातो, तेवढाच दुसऱ्याने बाहेर पडतो. वस्तूत साठलेली उष्णता अशी पलीकडून बाहेर पडत नाही, ती फक्त त्या वस्तूच्या स्वतःच्या तापमानावर ठरते. म्हणून दुसरा पाय नेहमी ग्राउंडलाच जायला हवा. अशा शिडीला विल्हेल्म काउअर यांचं नाव आहे, आणि तिचा प्रत्येक बिंदू वस्तूतल्या एखाद्या जागेचं तापमान सांगू शकतो.

तरीही अनेक मॉसफेटच्या आणि आयजीबीटीच्या डेटाशीटमध्ये दुसरीच रचना असते : फॉस्टरची. तिच्यात प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांवरच कपॅसिटर बसवलेला असतो. मोजलेल्या आलेखावर ती बसवायला सोपी, आणि पाठीचं तापमान ठाऊक असेल तर चिपचं उत्तर ती अचूक देते. मधल्या बिंदूंना मात्र वस्तूत कुठेच जागा नसते. याच साखळीच्या शेपटाला आपला हीटसिंक जोडला की घोटाळा सुरू होतो. चिपमध्ये उष्णता निर्माण होताक्षणी ती सगळीच्या सगळी हीटसिंकमध्ये शिरलेली दिसते, जणू वाटेत वेळ लागतच नाही. सिम्युलेटर कसलीही तक्रार करत नाही, म्हणून ही चूक फार दिवस लपून राहते. उपाय साधा आहे : आधी फॉस्टरचं काउअरमध्ये रूपांतर करायचं, मग पुढचं जोडायचं.

या साधर्म्याला मर्यादाही आहेत. वीजवाहकतेत तांबं आणि काच यांतली तफावत एकावर अठरा शून्यांहून मोठी आहे. उष्णतावाहकतेत तांबं आणि स्थिर हवा यांतही ती पंधरा हजार पटींच्या आसपासच. वीज तारेत कोंडता येते, उष्णता मात्र प्रत्येक बाजूने झिरपते. त्यामुळे सर्किट बोर्डच्या तांब्यात पसरणाऱ्या उष्णतेसाठी आडव्या फांद्या काढाव्याच लागतात.

शिवाय हीटसिंकचा १० हा आकडाही पक्का नाही. तो जास्त तापला की त्याच्याभोवतीची हवा जोराने वर चढते आणि रोध घटतो. उत्पादक त्यासाठी आकड्याऐवजी आलेख देतात. तो आलेख कसा वाचायचा, आणि पंखा लावल्यावर त्याचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.