रक्तांतील ‘ध’ चा ‘मा’

इ. स. १७७३ मध्यें पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. मूळ पत्रांत ‘धरावें’ असें होतें आणि त्यांतील ‘ध’ चा कोणीं तरी ‘मा’ केला, ही आख्यायिका मराठी घरांतील लहान मुलासही ठाऊक असते. इतिहाससंशोधक तिला कितपत मान देतात हा प्रश्न निराळा. परंतु एका अक्षराच्या फेरफारानें जीव जाऊं शकतो ही गोष्ट तिच्यामुळें चटकन् मनांत ठसते. असाच एक ‘ध’ चा ‘मा’ हजारों वर्षांपूर्वीं मनुष्याच्या रक्तांत झालेला आहे. त्याचें फळ आज कोठें भोगावें लागत आहे हें पाहण्यास दूर जावयास नको. अमळनेरहून उत्तरेस निघून तापी ओलांडली, चोपडें मागें टाकलें, कीं सातपुड्याच्या पायथ्याचीं जीं भिल्ल-पावऱ्यांचीं गांवें लागतात, तेथें कित्येक घरांत त्याच्या खुणा आहेत.

या दुखण्यास वैद्यकांत सिकल सेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाच्या रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या, मध्यें किंचित् खोलगट व अतिशय लवचिक असतात. केंसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्या अंग चोरून सहज निघून जातात. या रोग्याच्या पेशी मात्र प्राणवायु देऊन टाकतांच विळ्यासारख्या वांकतात व ताठ होतात. शेताच्या पाटांत काटक्या अडकून पाणी तुंबावें, तशा त्या बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. पुढच्या भागास रक्त मिळेनासें होतें, आणि हाडांत, सांध्यांत, छातींत, पोटांत असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून अंगांत रक्त कमी, डोळे पिवळे, पायांत बळ नाहीं. प्लीहा लहानपणींच निकामी होऊं लागते, आणि मग न्यूमोनियासारखें दुखणें प्राणावर बेततें.

शाळेंत असें मूल हुडकणें अवघड नसतें. पण बहुधा तें ‘आळशी’ म्हणूनच ओळखलें जातें. कवाइतीच्या वेळीं तें बसून राहतें, थंडीच्या दिवसांत हातपाय दुखतात म्हणून सांगतें, वरचेवर गैरहजर असतें. घरीं कधीं संधिवात समजून तेल चोळलें जातें, कधीं काविळीचें पथ्य केलें जातें. मोठेपणींही सुटका नाहीं. सातपुड्यांतील मजूर कापसाच्या वेंचणीस व उसाच्या तोडणीस खालीं मैदानांत उतरतात, तेव्हां तहान, अतिश्रम आणि पहांटेचा गारठा या तिन्ही गोष्टी त्यांच्या वांट्यास येतात. आणि या रोगास चाळविणाऱ्या गोष्टीही नेमक्या याच आहेत. शहरांतील घरांत येणाऱ्या कापसाचा व साखरेचा या दुखण्याशीं संबंध आहे तो असा.

आतां अक्षराचें पाहूं. रक्ताचा तांबडा रंग ज्या द्रव्यामुळें येतो त्यास हिमोग्लोबिन म्हणतात. त्याचा प्रत्येक रेणु चार सांखळ्यांचा असतो. दोन एका जातीच्या, दोन दुसऱ्या जातीच्या. यांतील दुसऱ्या जातीच्या सांखळींत १४६ मणी ओंवलेले आहेत असें समजावें. हे मणी म्हणजे अमिनो आम्लें. कोणता मणी कोठें ओंवावा याची आज्ञा पेशींतील जनुकांत चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेली असते. सहाव्या मण्याच्या आज्ञेंत ‘ए’ या अक्षराच्या जागीं ‘टी’ पडलें आणि ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलीन ओंवलें गेलें. एवढाच काय तो फरक! पण ग्लुटामिक आम्ल पाण्यांत रमणारें, तर व्हॅलीन पाणी टाळणारें. त्यामुळें प्राणवायु सुटतांच असे रेणु एकमेकांस चिकटतात, त्यांच्या लांब ताठ दोऱ्या बनतात आणि त्या पेशीला आंतून ताणून वांकवितात.

हें सर्व एका दमांत कळलें नाहीं. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं अशा पेशींचें पहिलें वर्णन १९१० सालीं प्रसिद्ध केलें. दोष हिमोग्लोबिनाच्या रेणूंतच आहे हें लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ सालीं दाखविलें, आणि नेमका मणी कोणता हें केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं १९५६-५७ सालीं हुडकून काढलें. भारतांत हा दोष असल्याचें १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरी लोकांत प्रथम आढळलें. महाराष्ट्रांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनीं नंदुरबारकडील आदिवासी भागांत या रोगाच्या तपासण्या व उपचार यांस आपलें आयुष्य वाहिलें; २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. रोगाचें मूळ जगांत कळूनही तो सातपुड्यांतील झोंपडींत ओळखला जाण्यास मध्यें किती वर्षें गेलीं, हें या साध्या सनावळीवरून दिसतें.

इतकें घातक अक्षर पिढ्यान् पिढ्या टिकलें कसें, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहजच येईल. त्याचें उत्तर हिंवतापांत आहे. प्रत्येक माणसाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही प्रतींत चूक असली तर रोग होतो. एकच चुकीची असली तर माणूस सहसा धडधाकट असतो. त्यास वाहक म्हणतात. आणि अशा वाहकास घातक हिंवतापापासून पुष्कळसें संरक्षण मिळतें, असें अँथनी अ‍ॅलिसन यांनीं आफ्रिकेंतील पाहणीवरून १९५४ सालीं दाखविलें. रानावनांत राहणाऱ्या लोकांत हें अक्षर टिकलें तें या संरक्षणाच्या मोबदल्यांत. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा या जमातींत वाहकांचें प्रमाण शेंकडा वीसच्या आसपास आढळलें आहे. विदर्भांतील गोंड वगैरे जमातींत तें आहेच, आणि आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. तेव्हां ‘हें दुखणें त्यांचें, आपलें नव्हे’ असें म्हणण्यास कोणासही आधार नाहीं.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, व पूर्ण निर्दोष असण्याचा चारांत एक असतो. पहिलें मूल रोगी झालें, आतां पुढचीं तीन चांगलीं होतील, असा हिशेब पुष्कळ आईबाप करतात. तो खोटा आहे. कवड्या प्रत्येक खेपेस नव्यानें पडतात.

आतां अलीकडील संशोधनाकडे वळावयाचें. सूक्ष्मजंतूंवरही विषाणूंचे हल्ले होतात, आणि त्या शत्रूंची ओळख आपल्या जनुकांत टिपून ठेवून, तोच शत्रु पुन्हां आला कीं त्याचा धागा कापण्याची युक्ति सूक्ष्मजंतूंजवळ असते. या कात्रीस क्रिस्पर म्हणतात. हव्या त्या ठिकाणीं ती नेऊन धागा कापतां येतो हें जेनिफर डाउडना व एमान्युएल शार्पांत्ये या दोन विदुषींनीं २०१२ सालीं दाखवून दिलें; २०२० सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ही कात्री हातीं आल्यावर सिकल सेलमधील चुकीचें अक्षर खोडून बरोबर अक्षर लिहिलें असेल, असें कोणासही वाटेल. तसें झालें नाहीं. पहिला यशस्वी उपचार निराळ्याच वाटेनें गेला, आणि ती वाट मोठी चातुर्याची आहे.

गर्भांतील मूल ज्या हिमोग्लोबिनावर जगतें तें वेगळें असतें; त्यांत ही बिघडलेली सांखळी मुळीं नसतेच. जन्मानंतर कांहीं महिन्यांत हा जुना कारखाना बंद होऊन नवा सुरू होतो. सिकल सेलचें मूल पहिले पांच-सहा महिने निरोगी दिसतें तें यामुळेंच. जुन्या कारखान्यास कुलूप लावून बसणारा पहारेकरी म्हणजे बीसीएल-अकरा-ए नांवाचें एक जनुक होय, असें २००८ सालीं उघडकीस आलें. नव्या उपचारांत रोग्याच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, क्रिस्परच्या कात्रीनें रक्तपेशींपुरता हा पहारेकरी दुबळा केला जातो व त्या पेशी परत शरीरांत सोडल्या जातात. चुकीचें अक्षर जेथल्या तेथेंच राहतें. परंतु गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुन्हां वाहूं लागतें आणि विळे वांकेनासे होतात. कॅसजेव्ही नांवाच्या या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें मान्यता दिली. मान्यतेच्या वेळीं ज्या ३१ रोग्यांचे निष्कर्ष तपासण्यांत आले, त्यांपैकीं २९ जणांस निदान सलग बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता. पूर्वीं वरचेवर रुग्णालयांत जावें लागणाऱ्या माणसांच्या बाबतींत ही गोष्ट सामान्य नव्हे.

पण किंमत? अमेरिकेंत ती २२ लक्ष डॉलर ठरली. रुपयांत अठरा कोटींहून अधिक. शिवाय सुधारलेल्या पेशींस जागा व्हावी म्हणून जालीम औषधांनीं अस्थिमज्जा आधीं रिकामी करावी लागते. रुग्णालयांत आठवडेच्या आठवडे राहावें लागतें, आणि पुढें अपत्यप्राप्तीस मुकण्याचाही धोका असतो. धडगांव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील माणसास हें आज स्वप्नवत् आहे.

म्हणून संशोधनाचा पुढचा रोख हें ओझें हलकें करण्याकडे आहे. मे २०२५ मध्यें फिलाडेल्फियांतील बालरुग्णालयानें एका तान्ह्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा रोग यकृतांतील दुर्मिळ दोषाचा होता, सिकल सेलचा नव्हे. परंतु केवळ त्याच्यासाठीं बनविलेलें, जनुकांतील एकच अक्षर बदलणारें औषध त्यास शिरेंतून देण्यांत आलें. पेशी बाहेर काढण्याचें कारणच पडलें नाहीं. सिकल सेलसाठीं असें कांहीं साधेल तर मग रोगी मोठ्या शहरांत येण्याऐवजीं औषधच त्याच्या तालुक्यास जाऊं शकेल. आपल्या देशांतही काम चाललें आहे. दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेंत, आयजीआयबींत, तयार झालेला क्रिस्परचा स्वदेशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर झाला. त्यास बिरसा मुंडा यांचें नांव देण्यांत आलें असून तें तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोंपविण्यांत आलें आहे. प्रयोगशाळेंतून रुग्णालयापर्यंतचें अंतर त्यास अजून कापावयाचें आहे. तथापि मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांनीं मिळून रक्ताच्या कर्करोगावर तयार केलेला पेशी-उपचार ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्य झाला व परदेशांतील किंमतीच्या सुमारें दहाव्या हिश्शांत मिळूं लागला, हें उदाहरण डोळ्यांसमोर असतां निराश होण्याचें कारण नाहीं.

मात्र या नव्या वैभवानें दिपून जाऊन जुनें व स्वस्त तें विसरतां कामा नये. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें एक साधें औषध आहे. प्रौढ रोग्यांसाठीं अमेरिकेंत त्यास १९९८ सालींच मान्यता मिळाली. तें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनच वाढवितें. म्हणजे कोट्यवधींची कात्री जें काम पुरें करते त्यांतील कांहीं भाग ही तोंडानें घ्यावयाची गोळी करते. भारतीय रोग्यांत हें हिमोग्लोबिन मुळांतच थोडें अधिक आढळतें, त्यामुळें त्यांस तिचा आधार चांगला होतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालींच घ्यावी लागते, रक्तपेशींची मोजणी वेळोवेळीं करावी लागते, आणि गरोदरपणीं ती चालत नाहीं. तिच्या जोडीला न्यूमोनियाची लस व लहान मुलांस पेनिसिलीन. सातपुड्यास आज प्रथम हवें आहे तें हें, आणि तें खंड न पडतां हवें आहे. पावसाळ्यांत रस्ता बंद झाला म्हणून तीन महिने गोळी मिळाली नाहीं, तर विज्ञान कितीही पुढें गेलें तरी त्या रोग्यापुरतें तें मागेंच राहिलें.

गोळीपूर्वीं तपासणी. बोटाच्या टोकाचें थेंबभर रक्त नळींतील औषधी पाण्यांत टाकतात व नळीच्या मागें छापील ओळी धरतात. ओळी वाचतां आल्या तर दोष नाहीं. पाणी गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. माणूस वाहक कीं रोगी हें या कसोटीनें कळत नाहीं; त्यासाठीं विजेच्या साहाय्यानें निरनिराळीं हिमोग्लोबिनें वेगळीं करणारी दुसरी परीक्षा करावी लागते. नवजात मुलास तर पहिली कसोटी निरुपयोगीच, कारण त्याच्या रक्तांत अजून गर्भांतील हिमोग्लोबिनच भरलेलें असतें. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी योजिली गेली, आणि २०४७ पर्यंत हा रोग निपटून काढण्याचें ध्येय ठरलें. तपासलेल्या माणसास त्याची स्थिति सांगणारें एक पत्रक मिळतें.

या पत्रकाचा उपयोग कसा होतो यावर बरेंच अवलंबून आहे. दोन वाहकांस विवाहापूर्वीं आपली स्थिति कळली, तर त्यांस विचार करतां येतो. विवाह झालाच तर गर्भावस्थेच्या आरंभींच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करून घेतां येते. परंतु वाहक असणें हा रोग नव्हे, डाग तर नव्हेच. एक वाहक व एक निर्दोष असा विवाह झाला तर मुलांस हा रोग होत नाहीं. तरीही पत्रक पाहून मुलीस नकार व मुलाच्या बाबतींत तिकडे डोळेझांक, असे प्रकार होऊं लागले तर तपासणीस कोणी पुढें येणार नाहीं. मूळ दोष आईबापांकडून सारखाच येतो, हें सोयरिकीच्या बैठकींत स्पष्ट बोललें गेलें पाहिजे.

रोग ठरलेल्या मुलाच्या बाबतींत शाळेनें करावयाच्या गोष्टी अगदीं थोड्या आहेत. त्यास वर्गांत हवें तेव्हां पाणी पिऊं द्यावें, लघवीस जाण्यास अडवूं नये, हिंवाळ्यांतील सकाळच्या कवाइतीपासून सूट द्यावी, भर उन्हांत उभें करूं नये. ताप आला किंवा छातींत दुखूं लागलें तर संध्याकाळची वाट न पाहतां त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत पोंचवावें, आणि तेथें गेल्याबरोबर त्याचें पत्रक डॉक्टरांच्या हातीं द्यावें.