पानपिंपळी: विकणारीची नजर अन् घेणारीची नजर

अंजनगाव सुर्जीतल्या बाईला पानपिंपळी काय असते हे सांगायची गरज नाही. पानमळ्यात शेवरी-पांगऱ्याच्या सावलीत हा वेल वाढतो, आणि बारी समाजाच्या कितीतरी घरांचा संसार त्यावर चालला. अकोट-तेल्हाऱ्याकडेही तेच. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला विचारा, ते पिंपळाच्या झाडाचं फळ समजतं! आपला माल आणि त्याला घेणारा माणूस यांच्यात एवढं अंतर आहे. म्हणून आज गिऱ्हाईक काय पाहून घेतं, ते बोलू.

वनौषधीचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक हातात घेऊन वास पाहतं, दाणा मोडतं, जिभेला लावून तिखटपणा बघतं. हे बहुतेक वयानं मोठं, त्याला फसवणं कठीण. दुसरं फक्त डबा बघतं. हिरवं पान छापलेलं, 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं दिसलं की त्याचं समाधान. गंमत अशी, की सुटी पिंपळी घेताना जी बाई पाच रुपयांसाठी घासाघीस करते, तीच डब्यातल्या चूर्णाला सांगेल ती किंमत देते. ती डब्यातला विश्वास विकत घेते. तो विश्वास खरा ठरवणं आपल्या हातात आहे, आणि बिघडवणंही.

आता सगळ्यात घट्ट बसलेली समजूत घ्या: 'जडीबुटी आहे, अपाय कसला?' सुंठ, मिरे, पिंपळी मिळून त्रिकटू होतं. सितोपलादी चूर्णातही पिंपळी असते. म्हणजे ती औषधच. आणि औषधाला मात्रा असते. चरकसंहितेतच सांगितलंय की पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अति खाऊ नयेत. आजचं विज्ञानही तिकडेच बोट दाखवतं. पिंपळीत पिपरिन नावाचं तिखट द्रव्य असतं, मिऱ्यातही तेच. ते काही औषधं रक्तात जास्त उतरवतं. जम्मूच्या संशोधन संस्थेच्या कामातून टीबीची अशी गोळी तयार झाली, की पिपरिन घातल्यावर रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम ठेवलं. ही ताकद उपयोगाचीच आहे. पण घरात कुणाला फिट्सची किंवा दुसरी रोजची गोळी चालू असेल, अन् वरून आपण रोज चमचाभर चूर्ण दिलं, तर गोळीचा असर वाढू शकतो. गरोदर बाईला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊच नका, सासूबाई कितीही म्हणोत.

चूर्णात काय मिसळलंय ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून घेताना अख्खी पिंपळी घ्या, घरी कुटा. ओलसर, बुरशीचा वास येणारी, पोखरलेली नको. डबाच घ्यायचा असेल तर चष्मा लावून मागची बाजू वाचा: आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत, मसाला म्हणून असेल तर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागे माहिती.

बचत गटांनो, इथं आपल्याला जपायचं आहे. वाळवलेली अख्खी पिंपळी मसाला म्हणून विकायची, तर अन्न परवान्याची नोंदणी करून विकता येते. पण तीच कुटून 'दम्यावर चूर्ण' लिहिलं की ते औषध झालं, आणि त्याला औषध उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो. 'शुगर कायमची जाईल' असं छापणं तर 1954 च्या जादुई उपाय कायद्यात गुन्हा आहे. त्यात मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब अशा आजारांची यादीच दिली आहे. मेळाव्यात शेजारचा स्टॉल असं बिनधास्त लिहितो, त्याचा माल जास्त खपतो, ही गटांची तक्रार मी नेहमी ऐकते. खपत असेल. पण त्या पाटीवर विसंबून कुणी शुगरची गोळी बंद केली, तर तिच्या जिवावर बेतेल.

मग पाकिटावर लिहायचं काय? जे आपल्याला खरंच माहीत आहे ते. 'पानपिंपळी, अख्खी. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातली. उन्हात वाळवून, निवडून भरलेली.' खाली गटाचं नाव, गाव, वजन, किंमत, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ते, परवाना क्रमांक आणि ज्या ताईंना विचारता येईल त्यांचा फोन.